राजयक्ष्मा, ऋण आणि बंधुसेवा

इतिहास लिहिणारानें आपल्या घरची गोष्ट लेखांत आणूं नये, असा आमच्या गुरुजनांचा दंडक होता व तो आम्ही आजवर पाळीत आलों आहों. प्रस्तुत लेखांत तो मोडावा लागत आहे, याबद्दल वाचकांची क्षमा आरंभींच मागतों. आमचे वडील बंधु गेलीं तीन वर्षें फुप्फुसांच्या असाध्य विकारानें अंथरुणास खिळून आहेत. फुप्फुसांचा मऊ भाग वण पडल्याप्रमाणें घट्ट होत जातो, श्वास दिवसेंदिवस उथळ होतो, आणि चार पावलें चालणें हेंही मोठें काम होऊन बसतें. या विकाराची गति मंद करणारीं औषधें आज आहेत. झालेली हानि भरून काढणारें औषध अद्याप सांपडलेलें नाहीं. त्यांच्या उशाशीं बसून रात्रीं जुने छापील पत्रव्यवहार वाचीत असतां जो प्रश्न आमच्या मनांत उभा राहिला, त्याचाच हा विचार आहे.

लेख भिंगार येथें लिहिला आहे. भिंगार हें गांव अहमदनगर (आतां अहिल्यानगर) शहराहून जुनें. मलिक अहमदानें १४९० त बहामनी फौजेचा पराभव करून १४९४ त भिंगारनजीक आपलें नवें शहर वसविलें, हें वाचकांस ठाऊकच आहे. औरंगजेब १७०७ त ज्या छावणींत मरण पावला, तिची खूण ‘आलमगीर’ या नांवानें येथेंच दाखवितात. येथून कोसभराच्या आंत नगरचा किल्ला आहे. त्या किल्ल्यांत बंदिवान असतां पंडित नेहरूंनीं १९४४ त हिंदुस्थानच्या इतिहासावर जो ग्रंथ लिहिला, त्याचें दुसरें प्रकरण क्षयानें आजारी असलेल्या त्यांच्या पत्नीच्या शेवटच्या दिवसांवर आहे. राष्ट्राचा इतिहास सांगूं बसलेल्या लेखकासही रुग्णशय्येवरूनच आरंभ करावासा वाटला, एवढाच दाखला आम्ही आमच्या समर्थनार्थ देतों.

प्रश्न असा. घरांत एक भाऊ छातीच्या विकारानें झिजत आहे. रोग बरा होण्याजोगा नाहीं. आणि घरावर ऋण आहे. अशा वेळीं दुसऱ्या भावंडानें काय केलें, याची साक्ष आमच्या कागदपत्रांत कितपत मिळते? सनदा, तहनामे, महजर व मोहिमांचे अहवाल आम्हीं पुष्कळ जमविले. परंतु रुग्णाची शुश्रूषा कोणी केली व तिचा खर्च कोठून भागला, हें विचारण्याचें अगत्य आम्हांस फारसें वाटलें नाहीं.

प्रथम शास्त्र काय म्हणतें तें पाहूं. चरकानें चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक व रोगी. प्रत्येक पादाचे गुणही चार. परिचारकाच्या गुणांत उपचारांचें ज्ञान, दक्षता व शुचिता यांच्या जोडीला रोग्यावरील अनुराग त्यानें गणला आहे. सुश्रुतही परिचारक स्नेहाळ व किळस न मानणारा असावा असें म्हणतो. परंतु रोग्याचीं लक्षणें सांगतांना तो एक अधिक गोष्ट घालतो: रोगी द्रव्यवान असावा. ज्याच्याजवळ पैसा नाहीं त्याच्या चिकित्सेचा एक पाय लंगडा, हें त्या प्राचीन शल्यवैद्यानें आडपडदा न ठेवितां लिहून ठेविलें. चरकाची वृत्ति याहून थोडी निराळी दिसते. राजेरजवाड्यांसाठीं रुग्णगृहाची सर्व सिद्धता वर्णिल्यावर तो तेथेंच थांबून सांगतो कीं, सर्वांपाशीं सर्व साधनें असत नाहींत आणि रोग दरिद्र्यासही सोडीत नाहींत. म्हणून ज्याला जेवढें शक्य असेल तेवढें त्यानें करावें. द्रव्य आणि अनुराग अशा या दोन अटी ध्यानांत ठेवून पुढील दोन उदाहरणें पाहावयाचीं आहेत.

पहिलें उदाहरण बाजीराव व चिमाजी आप्पा या बंधूंचें. बाजीरावाचा जन्म १७०० चा. आप्पा त्यांहून सुमारें सात वर्षांनीं धाकटे. बाळाजी विश्वनाथ १७२० च्या एप्रिलांत वारले, तेव्हां थोरला वीस वर्षांचाही नव्हता. मातोश्री राधाबाई, दोघे भाऊ आणि भिऊबाई व अनुबाई या बहिणी असा हा संसार. आप्पांस छातीचा जुनाट विकार होता व त्यानें त्यांची प्रकृति नेहमींच नाजूक असे. असें असतां १७३६ त त्यांनीं कोंकणांत सिद्दी साताचा मोड केला, आणि १७३९ च्या फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत वसईचा वेढा चालवून ती फिरंग्यांकडून घेतली. कोंकणची दमट हवा, खंदकांतील धूर व दारूची धूळ यांमध्यें असा माणूस चार महिने उभा होता. त्याच काळांत थोरले बंधु दिल्लीवर कोसळलेल्या नादिरशहाच्या संकटाकडे डोळे लावून होते. त्यांस धाकट्याला विश्रांति देतां येण्याजोगी स्थिति नव्हती.

कां नव्हती, याचें उत्तर कर्जांत आहे. मोहिमांवरील खर्च आधीं करावा व खंडणीचा पैसा मागाहून यावा, ही त्या राज्यव्यवहाराची रीतच होती. मधल्या अंतरांत सावकार. बाजीरावानें धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींस लिहिलेलीं पत्रें प्रसिद्ध आहेत. सावकारांच्या तगाद्यानें व शिलेदारांच्या मनधरणीनें आपण किती गांजलों आहों, हें त्यांत त्यानें पोटांतून सांगितलें आहे. हीं पत्रें आम्ही आजवर राज्याच्या अर्थव्यवहाराचा पुरावा म्हणून वाचीत आलों. तीं एका गृहस्थाचीं पत्रें म्हणूनही वाचावयास पाहिजेत. सावकारीही घरांतच होती. भिऊबाई बारामतीच्या आबाजी नाईक जोशी यांस दिली होती, आणि आबाजींचे बंधु बाबूजी नाईक हे पेशव्यांच्या धनकोंपैकीं एक. बहिणीच्या सासरचें देणें असलें म्हणजे तें कागदावरच्या आंकड्याहून किती जड होतें, हें कोणत्याही गृहस्थास सांगावयास नको.

येथें बंधुप्रेमाचें गुळगुळीत चित्र काढण्याचा मोह टाळला पाहिजे. १७३९ च्या अखेरीस मस्तानीच्या प्रकरणावरून या घरांत तेढ पडली, व त्या प्रसंगीं आप्पा थोरल्याच्या विरुद्ध बाजूस होते. तरीही नासिरजंगावरील स्वारींत दोघे बरोबर होते, आणि १७४० च्या फेब्रुवारींत मुंगी-पैठणचा तह झाला. त्यानंतर थोडक्याच दिवसांत दोघांची वाट निराळी झाली ती कायमचीच. २८ एप्रिल १७४० रोजीं नर्मदेच्या कांठीं रावेरखेडी येथें बाजीराव ज्वरानें वारला. धडधाकट भाऊ आधीं गेला. ज्याच्या जगण्याचा भरंवसा नव्हता तो मागें राहिला.

पुढील साडेसात महिन्यांचा हिशेब आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. आप्पांनीं पुतण्या नानासाहेब यास साताऱ्यास नेलें. पेशवाईच्या पदावर बाबूजी नाईकांचा डोळा होता व रघुजी भोसल्यांचें त्यांस पाठबळ होतें. म्हणजे धनकोच दावेदार झाला. २५ जून १७४० रोजीं वस्त्रें नानासाहेबांस मिळालीं. नंतर १७ डिसेंबरास आप्पांचा पुण्यांत अंत झाला. त्यांची समाधि ओंकारेश्वराच्या आवारांत आहे. दम लागत असलेल्या माणसानें आपला उरलेला श्वास भावाच्या मुलाला उभें करण्यांत व भावाचें देणें निस्तरण्यांत घालविला. शुश्रूषा ही निरोग्यानें रोग्याचीच करावयाची असते, अशी आपली समजूत. येथें ती उलटी झाली आहे.

दुसरें उदाहरण थोरल्या माधवरावांचें. त्यांचा आजार ‘राजयक्ष्मा’ या नांवानें प्रसिद्ध आहे. कित्येक लेखक तो आंतड्यांचा क्षय मानितात. तेव्हां फुप्फुसविकाराचें निश्चित उदाहरण म्हणून आम्ही तें पुढें करीत नाहीं. क्षय, कर्ज व भाऊ हीं तिन्ही तेथें एकत्र आलीं आहेत म्हणून घेतों. १७७० त कर्नाटकची मोहीम त्रिंबकराव पेठ्यांच्या हवालीं करून त्यांस परतावें लागलें. पानिपतानंतरचें कर्ज त्यांच्या कारकीर्दीभर मानेवर होतें. शेवटीं थेऊर येथें चिंतामणीच्या सान्निध्यांत ते जाऊन राहिले. अंतकाळापूर्वीं त्यांनीं जी नऊ कलमांची यादी करविली तींत कर्ज फिटावें हा विषय आहे. मरणारा तरुण आधीं देण्याचा विचार करितो, ही गोष्ट त्याच्या कर्तृत्वाच्या सर्व वर्णनांपेक्षां आम्हांस अधिक बोलकी वाटते. धाकटे बंधु नारायणराव तेव्हां सतरा वर्षांचे होते. त्यांस सांभाळण्याविषयीं माधवरावांनीं चुलते रघुनाथरावांस सांगितलें. कार्तिक वद्य ८, शके १६९४ (१८ नोव्हेंबर १७७२) रोजीं वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षीं ते वारले. आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणरावांचा खून झाला. मरत्या भावानें जिवंत भावासाठीं केलेली तजवीज साडेनऊ महिनेही टिकली नाहीं.

या दोन्ही प्रसंगीं रुग्णाच्या उशाशीं प्रत्यक्ष कोण होतें? औषध कोणीं चाटविलें, थुंकीचें भांडें कोणीं उचललें, रात्रीं उठून पाठीस टेकू कोणीं दिला? बखरी येथें मुक्या आहेत. अन्नपूर्णाबाई व रमाबाई यांचीं नांवें आमच्या इतिहासांत ठळकपणें येतात तीं चितेच्या ठिकाणीं. अंथरुणाजवळ त्यांनीं काढलेल्या महिन्यांचा उल्लेख शोधूं गेल्यास हातीं फारसें लागत नाहीं. ज्या सेवेस वर्षें लागलीं तिला ओळ नाहीं, आणि ज्या मरणास घटका लागल्या त्याला पानें आहेत. हा दोष बखरकारांचा खरा; पण पुढें निवड करून कागद छापणारे आम्हीही त्यांतून सुटत नाहीं.

एका गोष्टीचा येथें खुलासा केला पाहिजे. पैसा कमी पडला म्हणून हे दोन पुरुष वारले, असें आमचें म्हणणें नाहीं. त्या काळीं द्रव्यानें क्षयाचें औषध विकत मिळत नव्हतें, कारण तें नव्हतेंच. द्रव्यानें विश्रांति, दूधतूप, कोरडी हवा व चाकरमाणसें मिळत. कर्जानें हिरावली ती विश्रांति. सामान्य रयतेस तीही नव्हती. तिला आधार असे तो धर्मादाय वैद्याचा. न्यायमूर्ति रानडे यांनीं पेशव्यांच्या रोजनिशीस जोडलेल्या प्रस्तावनेंत, लोकांस फुकट औषध देणाऱ्या नाशिकच्या एका वैद्यास सरकारांतून उत्पन्न लावून दिल्याची व वाईच्या एका वैद्याच्या औषधी वनस्पतींच्या बागेस साहाय्य दिल्याची नोंद घेतली आहे. गरिबाच्या औषधाचा भार सरकारनें अंशतः उचलावा, ही कल्पना या देशीं अगदींच परकी नव्हती, एवढें त्यावरून सिद्ध होतें. मात्र ती वैद्यागणिक होती; रोग्यागणिक नव्हती.

पुढील शतकांत रोगाचें स्वरूप कळलें. कॉखनें २४ मार्च १८८२ रोजीं क्षयाचा जंतु जाहीर केला. परंतु जंतु ओळखणें व मारणें यांत साठ वर्षांचें अंतर पडलें. तोंवर उपाय एकच: आरोग्यधाम. पांचगणीस डॉ. बिलिमोरिया यांनीं १९१२ त व मिरजेजवळ डॉ. वानलेस यांनीं १९२० त अशीं आरोग्यधामें काढलीं. तीं थोडीं, आणि दूरचीं. भोर समितीनें १९४६ त आपला अहवाल दिला, तेव्हां देशांत क्षयाचे सुमारें २५ लक्ष रोगी, वर्षास ५ लक्ष मृत्यु आणि रुग्णालयांत त्यांच्यासाठीं खाटा सुमारें ६,००० असा अंदाज होता. म्हणजे चारशें रोग्यांमागें एकच खाट. उरलेले तीनशें नव्याण्णव कोठें होते? घरांत. त्यांचे परिचारक कोण? आई, बायको, भाऊ, बहीण. देशांतील खरें क्षयरुग्णालय घर हेंच होतें. फक्त त्याची नोंद कोठें नव्हती.

घराच्या या कामाला शास्त्राची मान्यता मिळाली ती मद्रासेस. १९४३-४४ च्या सुमारास स्ट्रेप्टोमायसिन निघालें व नंतर आणखी गुणकारी औषधें आलीं. मद्रासच्या क्षयचिकित्सा केंद्रांत १९५६ पासून गरीब वस्तींतील रोग्यांचे दोन गट करून पाहिले. एक आरोग्यधामांत, दुसरा घरीं. औषधें दोघांस तींच. घरीं राहणारांचें अन्न निकृष्ट, जागा अपुरी व विश्रांति कमी. तरी बरे होण्याचें प्रमाण जवळजवळ सारखें आलें, आणि घरांतील इतरांस त्यामुळें रोगाची बाधा अधिक झाली असें दिसलें नाहीं. १९५९ त प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षानें जगभर क्षयाच्या उपचाराची रीत पालटली, व १९६२ त सुरू झालेला आपला राष्ट्रीय कार्यक्रम घरगुती उपचारावरच उभारला गेला. चरकानें दरिद्र्याविषयीं जें सांगितलें होतें, त्याला अशी प्रयोगाची जोड मिळाली. येथें एक भेद मात्र विसरूं नये. घर पुरेसें ठरलें तें औषध हातीं होतें म्हणून. औषधावांचून घर म्हणजे चिमाजी आप्पांचें घर: माया आहे, उपाय नाहीं.

आमचें घर त्याच दुसऱ्या जातीचें आहे. दादांचा विकार क्षयाचा नव्हे. म्हणून क्षयरोग्यास पोषणासाठीं सरकार देतें तें साहाय्य, जें २०२४ च्या नोव्हेंबरपासून दरमहा १,००० रुपये झालें, त्यांस लागू नाहीं. रुग्णालयांतील उपचारांकरितां कुटुंबामागें वर्षास ५ लक्ष रुपयांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय राज्यानें २०२३ त केला, तो स्तुत्य होय. पण दादांचा आजार आहे घरांत. हवेंतून प्राणवायु काढून देणारें यंत्र रात्रंदिवस चालतें, त्याचें विजेचें देयक घरावर. वीज गेली तर असावा म्हणून भरून ठेविलेला सिलिंडर, नाकांतील नळी, छातीचे व्यायाम करवून घेणारा मनुष्य, हें सर्व घरावरच. एका कार्यालयांत आम्हीं यासंबंधीं विचारणा केली, तेव्हां दाखल असलेल्या रोग्याचाच विचार होतो, असें उत्तर मिळालें. उत्तर नियमास धरून असेल. परंतु सुश्रुताचा ‘द्रव्यवान’ हा शब्द त्या दिवशीं आम्हांस जसा समजला, तसा पूर्वीं कधीं समजला नव्हता.

या खर्चाची एक वही आम्ही ठेवितों. पहिल्या पानावर यंत्राची किंमत व ती कोणी किती मिळून दिली तें आहे. बहिणीनें आपल्या दोन पाटल्या मोडल्या, त्याची रक्कम तिच्या नांवें मांडावयास गेलों तेव्हां तिनें लेखणी धरली व ‘घरांतून’ एवढेंच लिहावयास सांगितलें. तसें लिहिलें. पुढें औषधांचे दर, सिलिंडर भरल्याच्या तारखा, रात्रीं वीज गेल्याच्या वेळा, आणि अधूनमधून दादांच्या हातच्या ओळी. त्यांचें अक्षर पूर्वीं मोत्यासारखें होतें. आतां तें एका ओळींत चारदां थांबतें. दम किती लागतो हें मोजण्याचें वैद्यांजवळ यंत्र आहे, पण आम्ही तें त्या अक्षरावरून ओळखतों. जुन्या पत्रांच्या हस्ताक्षरांत कंप किंवा खंड दिसला कीं आम्ही पूर्वीं ‘लेखक वृद्ध असावा’ अशी टीप देत असूं. आतां ती टीप देण्यापूर्वीं थांबतों.

वाचक मंडळी संग्राहक आहेत, म्हणून एक विनंति करून लेख पुरा करितों. जुन्या वाड्यांतून दफ्तरें बाहेर पडतात तेव्हां मोर्तबाचे कागद निवडून घेतले जातात, आणि वैद्यांच्या चिठ्ठ्या, औषधांच्या यादी, काढ्यांचीं टिपणें, दूधतुपाच्या फर्दा, आजाऱ्याकडे पाठविलेल्या माणसाच्या बत्त्याचा हिशेब हे रद्दींत जातात. तसे जाऊं देऊं नयेत. तारीख व गांव यांसह तीं बांधून ठेवावीं. रोजकीर्दींत औषधखर्चाची ओळ दिसली तर तिच्या मागची-पुढची पानें पाहावीं. त्याच महिन्यांत दागिना मोडला आहे काय, कर्जरोखा झाला आहे काय, नातलगाकडून रक्कम आली आहे काय, हें ताडून पाहावें. अनुरागाचा स्वतंत्र दस्तऐवज नसतो. तो द्रव्याच्या हिशेबांतच कोठें तरी ‘घरांतून’ अशा एखाद्या शब्दांत लपलेला असतो, आणि तो शब्द वाचतां आला तरच हिशेब वाचला असें होतें.

आमची वही अद्याप पुरी झालेली नाहीं. ती होईल तेव्हां इतर कागदांबरोबर तीही कोणा संग्रहांत देण्याचा आमचा विचार आहे. दादांस तो सांगितला तेव्हां ते हंसले, मग श्वास जुळवून म्हणाले, “पानांवर आंकडे घालून दे, नाहीं तर तुझे संशोधक क्रम चुकवितील.” त्याप्रमाणें आंकडे घातले आहेत.